दोन किलोबाइटमधले आकाश

काळाभोर पडदा. त्यावरून सावकाश खाली सरकणारे रंगीत ठिपके, म्हणजे तारे. तळाशी डावीकडे-उजवीकडे फिरणारे एक इवलेसे यान आणि वर रांगा करून डुलणारी, किड्यांसारखी दिसणारी शत्रूची फौज. मधूनच त्यातला एखादा रांग सोडतो, गिरकी घेतो आणि आपल्या यानावर झेपावतो. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत शाळेत असलेल्या पिढीला याहून अधिक वर्णन करून सांगायला नको. गॅलॅक्सियन, गॅलागा, स्टार फोर्स अशी या खेळांची नावे. मुलांच्या बोलण्यात मात्र ते सगळे ‘विमानाचे गेम’च असत.

वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि वसमत तिकडे गेले. हळदीच्या व्यापाराचे हे गाव आणि मराठवाड्यातील त्याच्यासारखी तालुक्याची इतर गावे यांच्यापर्यंत हे खेळ दोन वाटांनी पोचले. काही घरांत टीव्हीला जोडायचा संच आला. ज्यांना तो परवडत नव्हता त्यांच्यासाठी दुकानाच्या आतल्या खोलीत दोन-तीन टीव्ही मांडून ताशी पैसे घेणारी ‘गेम पार्लर’ निघाली.

शाळेने या खेळांकडे पाहिले ते बहुधा एकाच नजरेने. वेळ वाया, पैसा वाया, डोळे खराब. ही तक्रार सर्वस्वी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण मुलांच्या हातात त्या काळी आलेला पहिला संगणक तोच होता, ही गोष्ट मात्र शाळेच्या लक्षात आली नाही. संगणक म्हणजे काय, थोड्या साधनांत मोठे काम कसे करतात, गती आणि गुरुत्व गणिताने कसे मांडतात, हे सारे त्या खेळात दडलेले होते. ते कसे, हे समजण्यासाठी या खेळांचा इतिहास थोडा मागून पाहावा लागेल.

तारा, दोन याने आणि न्यूटन

अंतराळयुद्धाच्या खेळांचा मूळ पुरुष म्हणजे ‘स्पेसवॉर’. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पीडीपी-१ नावाचा संगणक आला होता. त्याची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती आणि त्याला गोल पडद्याची एक दर्शननलिका जोडलेली होती. १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी या यंत्रावर दोन यानांची झुंज रचली. एक यान सुईसारखे, दुसरे पाचरीसारखे.

डॅन एडवर्ड्सने त्यात पडद्याच्या मध्यभागी एक तारा आणला आणि त्याला गुरुत्वाकर्षण दिले. आता इंजिन न चालवता नुसते बसून राहिले तर यान ताऱ्यात ओढले जाई. योग्य वेग देऊन ठेवला तर ते ताऱ्याभोवती कक्षेत फिरत राही. इंजिन बंद केले म्हणून यान थांबत नसे. ते मिळालेल्या वेगाने पुढेच जाई. न्यूटनचा गतीविषयक पहिला नियम येथे बोटांनी अनुभवता येत होता. पीटर सॅमसनने मागचे यादृच्छिक ठिपके काढून त्या जागी खऱ्या ताऱ्यांचा नकाशा बसवला. म्हणजे या खेळाचे आकाश खरोखरीचे आकाश होते.

एक तडजोड मात्र करावी लागली. यानांवर गुरुत्वाचा परिणाम होई, पण यानांनी सोडलेल्या गोळ्यांवर होत नसे. प्रत्येक गोळीसाठी ते गणित करायला यंत्राला वेळच पुरत नव्हता. ही तडजोड लक्षात ठेवावी. या खेळांचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे अशा तडजोडींचा इतिहास आहे.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला गेला आणि फेब्रुवारी १९६० मध्ये तो कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. विशेष म्हणजे त्यालाही दर्शननलिकेचा पडदा जोडलेला होता आणि त्यावर आलेख व अक्षरे उमटत. पडद्याशी बोलणारा संगणक बोस्टनच्या बाजूला होता तसा कुलाब्यालाही होता. फरक पुढे पडला. तिकडे यंत्र विद्यार्थ्यांच्या हाती रात्री-बेरात्री मोकळे मिळत गेले. आपल्याकडे संगणक ही मोजक्या, मौल्यवान तासांची गोष्ट राहिली आणि खेळायला कोणाला सवड नव्हती.

पंचावन्न शत्रूंचे गणित

१९७८ साली जपानमध्ये ताइतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला. पाच ओळी, प्रत्येक ओळीत अकरा, असे ५५ शत्रू. ते आडवे सरकतात, कडेला पोचले की एक पायरी खाली उतरतात आणि उलट दिशेने चालू लागतात. खाली चार ढाली आणि त्यांच्याआड आपले यान. पडदा मुळात काळा-पांढराच होता. रंगीत जिलेटिन कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्यावर रंगाचा भास निर्माण केला होता.

ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना आठवत असेल की शत्रू कमी होत जातात तसे उरलेले अधिकाधिक वेगाने धावतात. शेवटचा एकटा तर अक्षरशः सुसाट सुटतो. खेळाडूला वाटते, शत्रू चवताळला आहे. खरे कारण वेगळेच आहे. यंत्रात इंटेलचा ८०८० हा प्रक्रियक होता आणि पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढले जाई. दर चित्राला एकच शत्रू एक पाऊल हलवायचा, एवढेच त्याला झेपत होते. म्हणजे शत्रूंची संख्या ‘न’ असेल तर प्रत्येकाची पाळी न भागिले ६० सेकंदांनी येणार.

आता आकडे घालून पाहू. ५५ शत्रू असताना पाळी ०.९२ सेकंदांनी येते. ३० उरले की अर्ध्या सेकंदाने, १० उरले की ०.१७ सेकंदांनी, आणि एकच उरला की सेकंदाला साठदा! वेग संख्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आलेख काढला तर अपास्त मिळतो. सुरुवातीला दहा शत्रू मारले तरी वेगात फारसा फरक जाणवत नाही. शेवटच्या दहांत मात्र तो झपाट्याने वाढतो. निशिकादो यांच्या हे ध्यानात आले तेव्हा त्यांनी तो दोष मानून दुरुस्त केला नाही, तसाच ठेवला. ‘खेळ हळूहळू अवघड होत जाणे’ हे पुढच्या सर्व खेळांचे लक्षण एका प्रक्रियकाच्या दमछाकीतून जन्माला आले आहे.

दुसरी गंमत गोळीची. आपली एक गोळी पडद्यावर असेपर्यंत दुसरी सोडता येत नाही. नेम चुकला तर गोळी वरच्या कडेपर्यंत जाईस्तोवर हात बांधलेले. शत्रू जवळ आलेला असेल तर गोळी लवकर लागते आणि लवकर मोकळी होते. त्यामुळे संकट जितके जवळ तितका मारा वेगवान, असे एक सुंदर संतुलन आपोआप साधले गेले.

या खेळामुळे जपानात शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, अशी गोष्ट अजूनही अनेक ठिकाणी छापली जाते. टांकसाळीच्या आकड्यांत तिला आधार सापडत नाही. विद्यार्थ्यांना ‘छापलेले सगळे खरे नसते’ हे शिकवायला हे उदाहरण चांगले आहे.

घरच्या टीव्हीत

दुकानातले मोठे यंत्र घरच्या टीव्हीवर आणणे सोपे नव्हते. अटारी कंपनीने १९७७ मध्ये काढलेल्या घरगुती संचात, जो पुढे २६०० या क्रमांकाने ओळखला गेला, काम करण्याची स्मृती होती फक्त १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट! या परिच्छेदाचे एखादे वाक्यसुद्धा त्यात मावणार नाही. अख्खे चित्र साठवून ठेवायला जागाच नसल्यामुळे टीव्हीचा इलेक्ट्रॉन-झोत पडद्यावर एकेक रेघ ओढत असतानाच पुढच्या रेघेत काय काढायचे ते प्रक्रियकाला ठरवावे लागे. एका रेघेला त्याला ७६ ठोक्यांचा अवधी मिळे. कीर्तनकाराच्या तोंडून ओळ निघता निघता मृदंग्याने ठेका धरावा, तसे हे काम होते.

या संचावर १९८० साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला तेव्हा ओळीतले शत्रू अकराचे सहा झाले. सहाच का? यंत्राला एका रेघेत दोनच हलत्या आकृत्या काढता येत, पण प्रत्येकीच्या तीन प्रती उमटवण्याची सोय होती. दोन गुणिले तीन, सहा. पडद्यावरच्या फौजेची रुंदी लष्करी डावपेचांनी ठरली नव्हती. एका चकतीवरच्या मंडलाने ठरवली होती. तरीही या कॅसेटसाठी लोकांनी संच विकत घेतले आणि अटारीचा खप भराभर वाढला.

छाप्याची रांगोळी

वसमतच्या मुलांनी पाहिलेली यंत्रे मात्र अटारीच्या घराण्यातली क्वचितच असत. त्यांचा मूळ नमुना म्हणजे जपानच्या निन्तेन्दो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेला ‘फॅमिकॉम’ हा संच. त्यात २ किलोबाइट कामाची स्मृती आणि चित्रासाठी आणखी २ किलोबाइट.

आता हिशेब करू. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके, म्हणजे एकूण ६१,४४० ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी चार रंगांपैकी एक निवडायचा तर दोन बिट लागतात. आठ बिटांचा एक बाइट धरला की १५,३६० बाइट होतात. एवढी जागा तर नाही. मग हे जमते कसे?

उत्तर आपल्या अंगणात आहे. ठिपक्यांची रांगोळी काढायला वेळ लागतो, पण रांगोळीचे छापे असले की अंगण क्षणात भरते. फॅमिकॉममध्ये आठ बाय आठ ठिपक्यांचे छापे कॅसेटमध्येच कायमचे कोरलेले असत. पडदा आडवे ३२ आणि उभे ३० अशा ९६० चौकोनांत विभागलेला असे आणि प्रत्येक चौकोनासाठी ‘छापा क्रमांक अमुक’ एवढाच एक बाइट ठेवायचा. रंगांच्या माहितीसाठी आणखी ६४ बाइट. बेरीज बरोबर १,०२४, म्हणजे एक किलोबाइट. पंधरा किलोबाइटचे चित्र एकात बसले.

हलणाऱ्या गोष्टींसाठी वेगळे छापे असत. त्यांना ‘स्प्राइट’ म्हणतात. एका वेळी पडद्यावर असे ६४ आणि एका आडव्या रेघेत जास्तीत जास्त आठ. नववा आला की तो दिसेनासा होई. म्हणून चतुर कार्यक्रमकार आळीपाळीने वेगवेगळे आठ दाखवत आणि गर्दीच्या प्रसंगी याने व गोळ्या लुकलुकत. मुलांना ती टीव्हीची खराबी वाटे. मोठी फौज दाखवायची तर स्थिर उभे असलेले सैनिक पार्श्वभूमीच्या छाप्यांत काढायचे आणि हल्ल्याला निघालेले तेवढेच स्प्राइट करायचे, अशी युक्ती या यंत्रावर केली जाई.

‘गॅलागा’ हा या जातीतला सर्वांत रेखीव खेळ. नामको कंपनीने १९७९ मध्ये ‘गॅलॅक्सियन’ आणला होता. त्यात शत्रू प्रथमच रांग मोडून झेपावू लागले. त्याचा पुढचा अवतार म्हणजे १९८१ चा गॅलागा. शिगेरू योकोयामा हे त्याचे रचनाकार. त्याची खासियत अशी, की शत्रूचा सेनापती एक किरण सोडून तुमचे यान पकडून नेतो. दुसरे यान शिल्लक असेल तर त्या सेनापतीला मारून पकडलेले यान सोडवता येते आणि मग दोन्ही याने जोडीने लढतात. मारा दुप्पट, पण अंगही दुप्पट रुंद, म्हणून मार खाण्याची शक्यताही अधिक. त्यामुळे अनुभवी खेळाडू मुद्दाम एक यान पकडू देत. आजचा तोटा पत्करून उद्याचा फायदा साधावा की नाही, हा निर्णय दहा वर्षांचे पोर दोन सेकंदांत घेत असे. मूळ यंत्रात खेळ संपल्यावर किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या आणि त्यांची टक्केवारी काय, हेही पडद्यावर येई. शेकडेवारीचे याहून जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल.

न साठवलेले आकाश

आता त्या सरकत्या ताऱ्यांकडे वळू. मूळ गॅलॅक्सियन यंत्रात आकाशात विखुरलेले तारे दिसतात, पण त्यांच्या जागा कोठेही साठवलेल्या नाहीत. ते आकाश एका साध्या मंडलातून दर वेळी नव्याने निर्माण होते. या मंडलाला सरक-नोंदवही म्हणू. गॅलॅक्सियनमध्ये ती १७ घरांची होती. आपण चार घरांची घेऊ.

पाटीवर चार चौकोन काढा आणि त्यांत १, ०, ०, ० लिहा. नियम असा. शेवटची दोन घरे पाहा. ती वेगवेगळी असतील तर नवा अंक १, सारखी असतील तर ०. मग सगळे अंक एक घर उजवीकडे सरकवा. शेवटचा अंक गळून पडेल. नवा अंक डावीकडच्या रिकाम्या घरात लिहा.

१००० पासून पुढे ०१००, ००१०, १००१, ११००, ०११०, १०११, ०१०१, १०१०, ११०१, १११०, ११११, ०१११, ००११, ०००१ आणि पुन्हा १०००. पंधरा अवस्था, एकही पुनरावृत्ती नाही आणि क्रम पाहून पुढचा ओळखणे कठीण. चार घरांत शून्य सोडून जितक्या अवस्था संभवतात तितक्या सर्व येऊन जातात. १७ घरांची योग्य रचना केली तर अशा १,३१,०७१ अवस्था मिळतात. अवस्था एका ठरावीक नमुन्याची झाली की पडद्यावर तारा उमटवायचा, बस. यादृच्छिक दिसणारे, पण दर वेळी हुबेहूब तेच आकाश तयार!

हीच कल्पना कॅरोल शॉ यांनी अटारीच्या संचासाठी लिहिलेल्या ‘रिव्हर रेड’ या १९८२ च्या विमानाच्या खेळात वापरली. मैलोन्‌मैल वाहणारी, वळणे घेणारी, बेटांभोवती फाटे फुटणारी नदी ४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये कशी मावेल? नदी साठवलेलीच नव्हती. नदी काढण्याचा नियम साठवला होता. पश्चिम जर्मनीत १९८४ मध्ये हा खेळ मुलांना घातक ठरवून यादीत टाकला गेला आणि २००२ मध्ये त्या यादीतून काढला गेला. खेळांबद्दलची भीती केवळ आपल्याकडची नव्हती, हे यावरून दिसेल. आणि भीतीच्या भरात त्यामागचे सुरेख गणित कोणी पाहिले नाही, हेही सगळीकडे सारखेच.

वसमतपर्यंतची वाट

निन्तेन्दोचा अस्सल संच आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरचा होता. १९९० च्या दशकात बाजारात आले ते बहुतांशी तैवान आणि चीनमधून येणाऱ्या नकली संचांचे पीक. ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’, ‘समुराई’ अशी नावे त्या काळच्या मुलांना आठवतील. मूळ संचातील मोठ्या चकत्या एकाच चकतीत सामावल्या आणि ती काळ्या राळेच्या थेंबाखाली झाकली की किंमत उतरे. कॅसेटवर ‘९९९९ खेळ एकात’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात वीस-पंचवीस खेळ वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून, नावे बदलून पुन्हापुन्हा यादीत घातलेले असत. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडाशी फुंकर मारायची, हा तर सर्वमान्य उपचार. खरे काम होई ते काढून पुन्हा घट्ट बसवण्याने. फुंकरीतल्या दमटपणाने उलट धातूच्या पट्ट्या गंजत.

आपला वीजपुरवठाही या इतिहासातला एक भिडू आहे. भारनियमनाची वेळ झाली, पडदा विझला, की तासाभराचा उच्चांक पुसला जाई. पुन्हा वीज आली की खेळ शून्यापासून. कारण आकडे ज्या स्मृतीत असत ती विजेवर जगणारी. छापे आणि नियम मात्र कॅसेटमध्ये शाबूत, कारण ते कायमच्या स्मृतीत कोरलेले. संगणकाच्या दोन प्रकारच्या स्मृतींमधला फरक आज आपण पाठ्यपुस्तकातून शिकवतो. त्या मुलांनी तो हळहळत शिकला होता, फक्त त्याला नाव द्यायला जवळ कोणी नव्हते.

नकलेत आणखी एक गोष्ट गळून पडली. अनेक कॅसेटींमध्ये सुरुवातीच्या पडद्यावरचे कंपनीचे नाव व वर्ष पुसलेले असे. त्यामुळे हा खेळ माणसांनी लिहिला आहे, त्याला कर्ता आहे, ही जाणीवच मुलांना झाली नाही. अर्थात मूळ कंपन्याही कर्त्यांची नावे द्यायला उत्सुक नव्हत्या. अटारीत श्रेय मिळत नाही म्हणून चार कार्यक्रमकार बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ काढली. कॅरोल शॉ यांचा खेळ त्याच कंपनीचा.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फॅमिकॉमचा प्रक्रियक म्हणजे अमेरिकेच्या एमओएस टेक्नॉलॉजीने १९७५ मध्ये अवघ्या २५ डॉलरला विकायला काढलेल्या ‘६५०२’ चाच भाऊबंद. अटारीच्या संचात त्याच घराण्यातला ६५०७ होता. आणि १९८४ मध्ये भारत सरकारने शाळांतून संगणक-साक्षरतेसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला तेव्हा पहिल्या २५० शाळांना दिलेल्या बीबीसी मायक्रो संगणकातही हाच ६५०२ होता!

म्हणजे मेंदू एकच. एका पेटीला कळफलक होता. तिच्यात बेसिक भाषा होती, मूल आज्ञा लिहू शकत होते, चुकू शकत होते, पुन्हा लिहू शकत होते. दुसऱ्या पेटीला एक क्रूस आणि चार बटणे. पहिली पेटी देशातल्या लाखो शाळांपैकी मोजक्या शाळांत गेली आणि पुष्कळ ठिकाणी कुलपात राहिली. दुसरी पेटी कोणतीही योजना नसताना तालुक्याच्या बाजारपेठेत पोचली. वसमतच्या मुलाला संगणक मिळाला, पण त्याचा फक्त खेळाडूच होण्याची मुभा मिळाली. पुढे २००८ च्या सुमारास ‘प्लेपॉवर’ नावाच्या एका उपक्रमाने हेच ओळखले आणि अशा स्वस्त, टीव्हीला जोडायच्या ६५०२ यंत्रांसाठी शैक्षणिक खेळ लिहिण्याचा प्रयत्न केला. तोपर्यंत ती पिढी शाळेबाहेर पडलेली होती.

पडद्यावरचे अंतराळ आणि खरे

या खेळांतून मुलांच्या मनात अंतराळाचे जे चित्र बसले ते तपासून पाहायला हवे. पहिली गोष्ट आवाजाची. यान फुटले की मोठा धमाका होतो. अंतराळात ध्वनी वाहून नेणारे माध्यम नाही. तिथला स्फोट शेजारून पाहिला तरी मुका असेल.

दुसरी गोष्ट गतीची. गॅलागात बटण सोडले की यान जागच्या जागी थांबते. हे न्यूटनचे नव्हे, ॲरिस्टॉटलचे विश्व झाले. बल लावाल तोवर गती, बल संपले की गती संपली. आश्चर्य म्हणजे १९६२ चा स्पेसवॉर याबाबतीत अधिक खरा होता. अटारीच्या १९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्येही यान मिळालेल्या वेगाने घसरत राही. मात्र नवख्या खेळाडूला असे यान आवरत नाही. खेळ सोपा करताना विज्ञान बाजूला पडले. आठवीच्या वर्गात ‘घर्षण नसेल तर काय होईल’ हा प्रश्न विचारताना हे दोन खेळ शेजारी ठेवून पाहावेत.

तिसरी गोष्ट अंतराची. पडद्यावर तारे काही सेकंदांत मागे पडतात. सूर्याखालोखाल जवळचा तारा सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने चाललेल्या व्हॉयेजर-१ ला तेवढे अंतर कापायला साधारण ७५ हजार वर्षे लागतील. तो हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, एवढे सांगितले की पुरते.

वसमतकरांना खऱ्या अंतराळाचा शेजार आता लाभणार आहे, म्हणून हे महत्त्वाचे. शेजारच्याच औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः आणि ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह पूर्ण मंजुरी दिली. एकमेकांना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेसरचे किरण धावतील आणि दूरवरच्या घडामोडींनी भुजांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान फरक मोजतील. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली होती.

गुरुत्वाच्या ओढीने फिरणाऱ्या दोन वस्तूंची ही कहाणी स्पेसवॉर खेळणाऱ्याला परकी वाटणार नाही. कृष्णविवरांचे नृत्य संगणकावर आधी रचून पाहिले, की यंत्रात आलेल्या गोंगाटातून त्याची खूण ओळखायला मदत होते. गणित अतिशय अवघड झाले, यंत्रे अजस्र झाली. पण दर क्षणाला बल काढायचे, वेग बदलायचा, वस्तू पुढे सरकवायची, ही रीत पीडीपी-१ वरचीच आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी तर ‘स्पेस टाइम क्वेस्ट’ नावाचा खेळच केला आहे. त्यात ठरलेल्या पैशात स्वतःची लहरशोधक वेधशाळा बांधायची असते. जागा, आरसे, निर्वात पंप यांवर किती खर्च करायचा हे ठरवताना खेळाडूला गोंगाट म्हणजे काय ते कळत जाते.

वर्गात काय करता येईल

यासाठी जुना संच शोधण्याची गरज नाही. स्पेस इन्व्हेडर्सचे गणित मैदानावर करता येते. अकरा-अकरा मुलांच्या पाच रांगा करा. शिक्षकांनी टाळी वाजवावी आणि दर टाळीला एकाच मुलाने एक पाऊल टाकावे. सगळ्यांची पाळी झाली की पुन्हा पहिल्यापासून. मग एकेक मूल बाद करत जा. टाळीचा वेग तोच ठेवूनही उरलेली मुले धावू लागतील. किती मुले असताना एका मिनिटात प्रत्येकाची किती पावले झाली, त्याचा तक्ता करून आलेख काढा.

छाप्यांची युक्ती चौकटीच्या कागदावर जमते. चार छापे ठरवा, त्यांना क्रमांक द्या आणि केवळ क्रमांकांची यादी दुसऱ्या गटाला देऊन चित्र काढायला सांगा. संगणक असेल तर ‘स्क्रॅच’ या विनामूल्य भाषेत दोन तासांत विमानाचा गेम उभा राहतो. तिथे यानाला पहिल्यांदा ॲरिस्टॉटलचा नियम द्यावा, नंतर न्यूटनचा. ‘वेग’ नावाचा एक चल आणला की फरक दिसतो.

सरक-नोंदवहीसाठी तर पाटी-खडू पुरे. चार घरांनी पंधरा अवस्था दिल्या. मग पाच घरांनी ३१ मिळायला हव्यात. पण शेवटचीच दोन घरे पाहण्याचा नियम ठेवला तर त्या मिळत नाहीत. साखळी आधीच मुळाशी परत येते. कितव्या पायरीला येते, आणि ३१ मिळवायच्या असतील तर शेवटच्या दोहोंऐवजी कोणती दोन घरे पाहायला हवीत, हे विद्यार्थ्यांनी शोधून काढावे.